पडद्याआडचा नकाशा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर पाहणारही नाही. मी एक जुना नकाशा आहे. सहा फूट रुंद, चार फूट उंच, प्लायवूडच्या फळीवर डकवलेला. माझ्या उजव्या कोपऱ्यात एक लाल शिक्का आहे आणि त्यावर एकच शब्द आहे, 'गोपनीय'. तुमच्या वर्गात टांगलेला नकाशा मुलांनी आपल्याकडे बघावं म्हणून दिवसभर वाट बघत असतो. माझं सगळं उलटं. माझ्याकडे भलत्या कोणी बघू नये म्हणून माझ्यासमोर एक निळा सुती पडदा लावलेला आहे.

नवी मुंबईत खाडीच्या कडेला, उंच कुंपणाच्या आत एक सरकारी संकुल आहे. तिथे काय चालतं ते मी सांगणार नाही. पोटात सगळं आहे, पण ओठांवर आणायचं नाही, हाच माझा धर्म. एवढंच सांगतो की आत चौतीस इमारती आहेत आणि अकरा किलोमीटर रस्ते आहेत. (हे आकडे मी मुद्दाम चुकीचे सांगितले आहेत. रागावू नका.) आत येणारा प्रत्येक माणूस आपला मोबाइल गेटवर जमा करतो. म्हणून रस्त्यारस्त्यावर खांब आहेत, खांबांना नंबर आहेत आणि प्रत्येक खांबावर एक पिवळा फोन आहे. कुणी चक्कर येऊन पडलं, कुठे धूर दिसला, कुठे भिंत खचली, की पिवळा फोन उचलायचा. तो वाजतो आमच्या खोलीत. या खोलीला सगळे 'कंट्रोल' म्हणतात. फोन घेणारा माणूस काय झालं ते विचारतो, माझ्याकडे एक नजर टाकतो आणि वायरलेसवरून अँब्युलन्स नाहीतर आगीचा बंब धाडतो. कुठल्या रस्त्याने जायचं तेही तोच सांगतो. म्हणजे निम्मं काम त्याचं आणि निम्मं माझं.

माझा जन्म तीस वर्षांपूर्वीचा. ड्रॉइंग ऑफिसात नंदिनी टिपणीस नावाच्या बाई होत्या. त्यांनी चार महिने खपून मला काढलं. काळ्या शाईने रस्ते, निळ्या शाईने पाणी, तपकिरी शाईने इमारती. रस्ता वळवताना त्या श्वास रोखून धरायच्या, ते मला अजून आठवतं. शेवटच्या दिवशी त्यांनी फुंकर घालून शाई वाळवली, मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. मग साहेब आले आणि त्यांनी लाल शिक्का मारला. त्या क्षणापासून मला बघण्याची परवानगी ज्यांना नव्हती, त्या यादीत टिपणीसबाईंचंही नाव होतं! आईनेच लेकराला जन्म द्यावा आणि तिलाच म्हणावं की आता बघायचं नाही, तसं झालं. त्यांनी दौतीचं झाकण लावलं आणि पाठ फिरवून गेल्या.

पहिली काही वर्षं माझं कौतुक झालं. पाहुणे साहेब यायचे, छडीने माझ्यावर ठिकाणं दाखवली जायची. मग एक दिवस कंट्रोलमध्ये कॉम्प्युटर आला आणि त्याच्या पडद्यावर माझीच एक गुळगुळीत नक्कल दिसायला लागली. माझ्या अंगावर धूळ बसली. खालच्या कडेला वाळवीने एका तळ्याचा घास घेतला. मला वाटलं, झालं आपलं कार्य.

पण तसं व्हायचं नव्हतं, कारण नामदेवदादा आले.

नामदेव भोईर हे बोनकोडे गावचे. त्यांचे वडील आप्पा गावच्या भजनात मृदंग वाजवायचे. शेतं नव्या शहराच्या पोटात गेली, तेव्हा मोबदल्याबरोबर घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती नामदेवदादांना. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्क्याचा ठिपका आणि कीर्तनाचं विलक्षण वेड. गावच्या सप्ताहात सातही दिवस पहिल्या ओळीत बसणार. कुठल्या बुवांनी कुठला दृष्टान्त कसा रंगवला ते दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आम्हाला ऐकवणार. मी भिंतीवर राहून जेवढी कीर्तनं ऐकली, तेवढी एखाद्या देवळाच्या खांबानेही ऐकली नसतील.

आल्या दिवशी त्यांनी माझ्या अंगावरची धूळ ओल्या फडक्याने नव्हे, कोरड्या फडक्याने पुसली. तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस कागदाला जपणारा आहे. मग त्यांनी रंगीत डोक्यांच्या टाचण्यांची एक डबी आणली. रोज सकाळी नऊच्या आत ते सगळ्या विभागांना फोन करायचे, "आज कुठं काय खोदलंय? कुठलं गेट बंद?" आणि त्याप्रमाणे मला टाचण्या टोचायचे. रस्ता बंद असेल तर लाल, काम चालू असेल तर पिवळी, पाण्याचा बंब उभा असेल तर निळी. टाचणी टोचताना दुखत नाही, मित्रांनो. उलट बरं वाटतं. आजचा दिवस आपल्या अंगावर आला, असं वाटतं.

त्यांच्या हाताखाली वैदेही नावाची मुलगी लागली. साताऱ्याकडची, चटपटीत. तिला त्यांनी वायरलेसवर बोलायला कसं शिकवलं ते ऐका.

"कीर्तन ऐकलंयस ना, वैदेही?"

"आजीबरोबर गेलेय काका. झोप लागायची."

"धन्य! अगं, बुवा ओळ म्हणतात आणि टाळकरी तीच ओळ उचलतात. टाळकऱ्यांनी उचलली की बुवांना कळतं, पोचली. तसंच हे. आपण सांगितलं की समोरच्याने तेच परत म्हणायचं. त्याने म्हटलं नाही तर पोचलं नाही असं समज आणि पुन्हा सांग. रागावायचं नाय, आवाज चढवायचा नाय."

"आणि समोरचा बेसूर असला तर?"

"चालेल. सूर नको, शब्द पायजे."

आता राहिला पडदा. नियम असा की बाहेरचा कुणी माणूस, म्हणजे पंखा दुरुस्त करणारा, फरशी पुसणारा, चहावाला, खोलीत आला की माझ्यावर पडदा ओढायचा. बाकीचे लोक तो फर्रकन ओढायचे. नामदेवदादा मात्र देवाच्या नैवेद्याच्या वेळी पुजारी ओढतो तसा हळू ओढायचे आणि म्हणायचे, "जरा वेळ हं, देवा." वैदेही फिदीफिदी हसायची. "काका, आता आतून ढेकर ऐकू येईल बघा!" मी मात्र आतल्या आत फुलून जायचो.

बावीस वर्षांत नामदेवदादांना मी पाठ झालो. कुठल्याही खांबाचा नंबर सांगा, डोळे मिटून रस्ता सांगणार. त्याचा त्यांना थोडा अभिमान होता आणि मला तर फारच होता. आमच्या त्या अभिमानाची गोष्ट मी आता सांगणार आहे. पूर्वरंग इथे संपला, आता नीट कान देऊन ऐका.

गेल्या अश्विनातली गोष्ट. पाऊस संपला होता आणि कुंपणाच्या कडेचं गवत कमरेइतकं वाढलं होतं. ते कापायला कंत्राटी टोळी लागली होती. टोळीचा मुकादम ज्ञानू, दिवाळे गावचा, चाळिशीचा, बोलायला कमी आणि हाताला चपळ. त्याची वहिनी बाळाबाई त्याच टोळीत. ही सगळी माणसं रोज माझ्यावर काढलेल्या जमिनीवर चालायची, पण मला त्यांनी पाहिलेलं नव्हतं. तसा नियमच होता.

त्या सकाळी नामदेवदादांनी नेहमीप्रमाणे फोन केले. केबल टाकण्यासाठी खाडीरस्ता मध्यावर आडवा खोदला होता. दादांनी डबीतून लाल टाचणी काढली आणि खाडीरस्त्यावर टोचली. स्वतःच्या हाताने. हे लक्षात ठेवा.

अकराच्या सुमारास एसी दुरुस्त करायला मितेश नावाचा पोरगेला मेकॅनिक आला. वैदेहीची त्या दिवशी सुट्टी होती, दादा एकटेच होते. त्यांनी हळूच पडदा ओढला, "जरा वेळ हं, देवा" म्हणाले आणि मितेशला स्टूल दिलं. मितेश स्टुलावर चढला, एसीचं झाकण काढलं आणि आतली धूळ बघून म्हणाला, "काका, यात तर घूस राहत असेल!"

"राहू दे. ती तरी गार असेल."

आणि पिवळा फोन वाजला. अकरा वाजून वीस मिनिटं. खांब नंबर एकोणीस.

"सायेब, बाळाबाई बोलतंय! आमच्या भावोजींना जनावर लागलं! ज्ञानूला! पायाला!"

खाडीकाठची माणसं सापाचं नाव तोंडाने घेत नाहीत. दादा त्याच काठचे, त्यांना फोड करून सांगावं लागलं नाही. त्यांचा आवाज एकदम खाली आला, शांत झाला.

"बाळाबाई, मी नामदेव. ऐक. जनावर कसं होतं? बघितलं कुणी?"

"जाडं होतं, अंगावर साखळी काढल्यागत. फुसफुसत होतं नुसतं."

घोणस. विषारी साप. दादांनी दुसऱ्या हाताने वायरलेस उचलला. अँब्युलन्स दवाखान्यासमोर उभी होती, तिचा ड्रायव्हर गोटीराम.

"गोटीराम, खांब एकोणीस. साप चावलाय. खाडीरस्त्याने नीघ. ओव्हर."

"खांब एकोणीस, साप चावलाय, खाडीरस्त्याने. निघालो. ओव्हर."

ओळ उचलली गेली. पण मित्रांनो, ओळच चुकीची होती.

मी पडद्यामागे होतो. लाल टाचणी माझ्या अंगात होती, खाडीरस्त्यावर, मघाशीच टोचलेली. मी ओरडलो असतो, पण नकाशाला तोंड नसतं. त्याला दिसणं एवढंच येतं आणि तेवढंच त्या वेळी बंद केलेलं होतं. दादांनी पडद्याच्या दोरीकडे हातही नेला नाही. स्टुलावर बाहेरचा माणूस, मग पडदा उघडायचा नाही, हा बावीस वर्षांचा हात. आणि खांब एकोणीसला जायला खाडीरस्ता, ही बावीस वर्षांची जीभ. दोघांनी मिळून सकाळची टाचणी पुसून टाकली.

दादा बाळाबाईशी बोलत राहिले.

"त्याला चालू देऊ नको. आडवा निजव. पाय हलवायचा नाय. पाय हलवायचा नाय."

"पाय हलवायचा नाय," बाळाबाई रडत रडत म्हणाली. आणि मग, "मी पदर फाडून वर घट्ट बांदलाय."

"सोड. बाळाबाई, सोड तो. बांधायचं नाय, कापायचं नाय, चोखायचं नाय. पायात कडं, दोरा काय हाय का?"

"काळा दोरा हाय."

"तो काढ. सूज आली की रुतेल. आणि त्याला म्हणावं, गाडी निघाली. घाबरायचं नाय, गाडी निघाली."

फोनमधून तिचा आवाज लांबून आला, "भावोजी, गाडी निघाली! नामदेवदादा बोलतंय, गाडी निघाली!"

चार मिनिटं गेली. मग वायरलेस खरखरला.

"दादा, गोटीराम. इथं अख्खा रस्ता खोदलाय. माणूसभर चर आहे. पुढं जायला वाट नाय. ओव्हर."

खोलीत फक्त एसीतून पाणी ठिबकत होतं. दादांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यांच्या खुर्चीचा आवाज मी ऐकला. ती मागे ढकलली गेली आणि आदळली.

"मितेश, डोळे मीट!"

"काय? काका, मी स्टुलावर आहे!"

"मीट म्हणतो ना! घट्ट! उघडलेस तर तुझी आणि माझी दोघांची नोकरी गेली!"

"मी तर कंत्राटावर आहे!" असं म्हणत त्या बिचाऱ्याने डोळे मिटले आणि एसीला मिठी मारली.

दोरी फर्रकन ओढली गेली. त्या दिवशी 'देवा' कुणी म्हणालं नाही. दादा माझ्यासमोर उभे होते. त्यांनी लाल टाचणी पाहिली. स्वतः टोचलेली. क्षणभर त्यांनी कपाळ माझ्यावर टेकलं, बुक्क्याचा ठिपका माझ्या दोन नंबरच्या तळ्याला लागला, तो अजून तिथे आहे. मग ताठ झाले आणि बोटाने रस्ता शोधायला लागले. मागे फिरून पाण्याच्या टाकीवरून, मग चार नंबरचं गेट उघडायला लावून, कुंपणाच्या बाहेरच्या अंगाने खांब एकोणीस. चौदा मिनिटं. त्यांनी ते मोठ्याने म्हटलं, "चौदा मिनिटं," आणि वायरलेस उचलला.

"गोटीराम, गाडी फिरव. पाण्याच्या टाकीकडे ये. तिथून पुढचं सांगतो. ओव्हर."

"फिरवतो. पाण्याची टाकी. ओव्हर."

मग पिवळ्या फोनवर, "बाळाबाई, ऐक. रस्ता खोदलाय. माझी चूक झाली. गाडी फिरून येतेय, थोडा वेळ लागेल."

बाळाबाई रडणं बाजूला ठेवून, मासळी बाजारात भावाला बसलेली बाई बोलावी तशा ठणठणीत आवाजात म्हणाली, "फिरून कशाला? पंपाच्या खोलीशी गाडी उभी करा ना! आमी तिथं आनतो."

"पंपाच्या खोलीला तिकडून वाट कुठंय? मध्ये सगळी दलदल."

"दलदल हाय, पन बांध हाय! आमी रोज दुपारी त्याच वाटंनं पंपाकडं जेवायला जातो. पंपाचा सावलीचा ओटा हाय ना. तीनशे पावलंसुदा नसतील."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. पंपाची खोली चराच्या अलीकडे, गाडीच्या वाटेवर होती. पण खांब एकोणीस आणि पंपाची खोली, या दोघांच्या मध्ये माझ्या अंगावर काय होतं? काही नाही. टिपणीसबाईंच्या शाईने काढलेल्या गवताच्या बारीक रेघा, बस. एवढा मी अभिमानी, एवढा गोपनीय, लाल शिक्का मिरवणारा. आणि जी वाट बायका रोज डब्याची पिशवी घेऊन चालत होत्या, ती माझ्याकडे नव्हती. कॉम्प्युटरकडेही नव्हती, तो तर माझीच नक्कल. तीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आता दादांसमोर दोन गोष्टी होत्या. एकीकडे मी, सरकारी शिक्क्याचा. दुसरीकडे फोनवरची बाळाबाई. आणि मध्ये ज्ञानूचा जीव.

"नीट वाट हाय? चौघांना त्याला उचलून नेता येईल?"

"गवताचे भारे नेतो तिथून, मानूस नाय नेता येनार?"

दादांनी माझ्याकडे पाठ केली. मला वाईट वाटलं नाही. मीही तेच केलं असतं.

"ज्या कापडात गवत भरता, त्या कापडात निजव. चौघं चार कोपरे धरा. पाय सरळ. धावू नका, भरभर चाला. पंपाच्या खोलीशी."

"पाय सरळ. धावायचं नाय. पंपाची खोली," बाळाबाईने ओळ उचलली आणि फोन तसाच लोंबकळत सोडून ती गेली.

"गोटीराम, पंपाची खोली! एकोणीस सोड, पंपाची खोली! ओव्हर."

"पंपाची खोली. तीन मिनिटं. ओव्हर."

मग त्या लोंबत्या फोनमधून फक्त वारा ऐकू येत राहिला. दादा एका हातात फोन आणि एका हातात वायरलेस घेऊन उभे होते. ओठ हलत होते. नाव कुणाचं घेत होते ते मी सांगायला नको. स्टुलावरून हळू आवाज आला, "काका, देवाचं नाव घेताय ना? माझ्यासाठीही घ्या. स्टूल डगमगतंय."

अकरा एकतीसला गोटीराम बोलला. "पेशंट गाडीत. शुद्धीत आहे. बाळाबाई बरोबर आहेत. दवाखान्याकडे. ओव्हर."

दादांनी डॉक्टरांना फोन करून सापाचं वर्णन दिलं, वेळ सांगितली. आणि मग, मित्रांनो, ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मितेश म्हणाला, "उघडू का डोळे?" तेव्हा त्यांना आठवलं. पडदा ओढून ते म्हणाले, "उघड, बाबा. उतर खाली. चहा घे." त्या दिवशी एसी काही दुरुस्त झाला नाही.

आमच्या दवाखान्यात ज्ञानूला सापाच्या विषावरचं औषध दिलं आणि मग मोठ्या इस्पितळात हलवलं. दोन दिवस त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, पाय मांडीपर्यंत सुजला होता. ते दोन दिवस दादांनी चहाच्या वेळी एकही कथा सांगितली नाही. दर दोन तासांनी इस्पितळात फोन करायचे आणि ठेवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन ठेवला आणि वैदेहीला म्हणाले, "पेज मागितली त्याने." एवढंच. वैदेहीने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

त्या दिवसाची नोंदवही दादांनी लिहिली ती अशी: 'खाडीरस्ता बंद असल्याची टाचणी मी स्वतः लावली होती. खोलीत बाहेरचा माणूस असल्याने नकाशा झाकलेला होता. मी तो न उघडता पाठांतराने मार्ग दिला. चूक माझी.'

सुरक्षा अधिकारी खानविलकर साहेबांनी ते वाचून चष्मा काढला.

"भोईर, निवृत्तीला सात महिने राहिलेत तुमच्या. 'रस्ता बंद असल्याने विलंब' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. कुणी विचारलं नसतं."

"साहेब, पुढं माझ्या खुर्चीत वैदेही बसेल. तिला कळायला नको, मी कुठं चुकलो ते?"

साहेबांनी दादांना लेखी ताकीद दिली, ती द्यावीच लागली. पण नियमही बदलला. आता पिवळा फोन वाजला की बाहेरच्या माणसाने आधी खोलीबाहेर जायचं. मला झाकायचं नाही. आणि दादांनी साहेबांकडे आणखी एक परवानगी मागून घेतली. ती कसली, ते आता येतं.

तीन आठवड्यांनी ज्ञानू आला. काठी टेकत, पायाला पट्टी, बरोबर बाळाबाई. बाळाबाईच्या हातात कागदात बांधलेलं काहीतरी होतं आणि त्याचा वास तिच्या आधी खोलीत आला.

"दादा, सुके बोंबील आनलेत. घरचे हायत, बाजारचे नाय."

"अगं बाई, मी माळकरी!"

"मंग वैनींना द्या."

"तिच्याही गळ्यात माळ हाय."

"मंग तुमी खाता काय, टाळ?"

वैदेही पुढे झाली. "इकडे आणा मावशी. माझ्या गळ्यात काही नाही." आणि तिने ते पुडकं आपल्या पिशवीत टाकलंसुद्धा.

दादा हसले, पण लगेच गंभीर झाले. त्यांनी ज्ञानूसमोर हात जोडले. "त्या दिवशी चार मिनिटं माझ्यामुळे फुकट गेली, ज्ञानू. तुला ठाऊक असावं म्हणून सांगतो."

ज्ञानू कमी बोलणारा. त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. "बाळावैनी बोलली मला. तुमीच फोनवर बोललात म्हनं, माझी चूक झाली. आमच्या जल्मात सायेब लोकाच्या तोंडून हे ऐकलं नवतं. सोडा आता."

"सोडायचं नाय. एक काम करायचंय. पडदा उचलावा लागेल, म्हणून आत येता येणार नाय तुला. उंबऱ्यात उभा राहा."

आणि मित्रांनो, दादांनी पडदा ओढला, हातात पेन्सिल घेतली आणि पडद्याची कड उचलून स्वतःच आत शिरले. माझ्यासमोर, नाकाला नाक. बाहेरून फक्त त्यांच्या चपला दिसत असतील. वैदेहीने आत विजेरी धरली. पलीकडे उंबऱ्यात ज्ञानू, अलीकडे दादा आणि मध्ये तो निळा पडदा, लग्नातल्या अंतरपाटासारखा.

"बोल ज्ञानू. खांब एकोणीसपासून. कशी जाते तुमची वाट?"

"खांबापासून धा पावलं पुडं या. भेंडीचं झाड लागंल, खाडीकाठचं मोठं."

"भेंडीचं झाड."

"तिथनं डावीकडं बांधावर चढा. उजवीकडं नका जाऊ, पाय रुतंल."

"डावीकडं, बांधावर."

"मंग जुनी उघाडी. भरतीचं पानी आत-भाईर करायची फळी हाय बगा, मोडकी. तिच्यावरनं जपून."

"जुनी उघाडी. जपून."

"आनि तिथनं सरळ पंप."

"सरळ पंप."

पेन्सिल माझ्या अंगावरून चालत होती. त्या गवताच्या बारीक रेघांमधून, जिथे तीस वर्षं काही नव्हतं तिथून, एक बारीक तुटक रेघ निघाली आणि पंपाच्या खोलीला जाऊन भिडली. गुदगुल्या होत होत्या. पडदा मध्येमध्ये येत होता, म्हणून रेघ वाकडी आली. बांधही वाकडाच आहे म्हणे.

"नाव काय घालू या वाटेचं?" दादांनी आतून विचारलं.

बाहेरून बाळाबाई म्हणाली, "तिला कसलं नाव? बायांची वाट म्हनतो आमी."

दादांनी लिहिलं, 'बायांची वाट'. खाली तारीख घातली आणि साहेबांच्या सहीसाठी जागा सोडली. दुसऱ्या दिवशी सहीसुद्धा झाली. कॉम्प्युटरातल्या नकलेवरही ती वाट चढली. ज्ञानू आणि बाळाबाईला मात्र अजूनही मला बघायची परवानगी नाही. मला त्यांचे फक्त आवाज ठाऊक आहेत.

मित्रांनो, मी म्हातारा झालोय. माझे कोपरे सुटत चाललेत. तुम्हाला उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, कारण ऐन वेळी मीही रिकामा निघालो होतो. तरी एक विनवणी करतो. तुमच्या शाळेत, सोसायटीत, जिन्याखाली कुठेतरी एखादा नकाशा लावलेला असेल, आग लागली तर कुठून बाहेर पडायचं ते सांगणारा. त्याच्यासमोर कपाट ठेवू नका. 'मला सगळं पाठ आहे' म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. जो माणूस त्या जागेवर रोज झाडू मारतो, गवत कापतो, डबा घेऊन चालतो, त्याला गाठा, आणि विचारायला जाताना हातात पेन्सिल घेऊन जा.